पटावरचा ओला गोल

पंचांनी फळ्यावर खडूने ‘पांढरे विजयी’ असं लिहिलं आणि टिकलीच्या हातातलं बिस्किट हातातच राहिलं.

पांढरे कसे? मघाशी बुद्धिबळाच्या डावात तीच तर काळी मोहरी घेऊन जिंकली होती! समोरच्या लंबूने तोऱ्यात वजिरापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं, पोरगी म्हणून पटापट खेळला आणि शेवटी आपल्याच प्याद्यांत राजा कोंडून बसला. टिकलीच्या घोड्याने शह दिला, तीच मात. लंबू चपला अडकवून मुकाट घरी गेला. पंच तेव्हा बाहेर गप्पा हाणत होते.

क्लबाची रीत अशी, की डाव संपला की दोन्ही राजे पटाच्या मध्यावर ठेवायचे. काळे जिंकले तर काळ्या घरांत, पांढरे जिंकले तर पांढऱ्या. पंच तेवढं बघून निकाल लिहीत. टिकली राजे काळ्या घरांत ठेवून बिस्किट आणायला गेली होती, आता ते पांढऱ्यांत उभे! आणि संध्याकाळच्या बसने मोठ्या स्पर्धेला एकच जण जाणार होतं.

पंच म्हणाले, हरल्यावर सगळ्यांना असंच वाटतं. टिकलीचा भाऊ गोट्या भांडायला निघाला. मामेबहीण ढापणीने त्याला मागे ओढलं आणि पटावर नाक टेकवलं.

“चहा सांडलाय. मधोमध पेल्याचा गोल आहे, एका बाजूला चेपलेला. राजे तिथे असताना पेला बसेल कसा?”

गोट्या लगेच पंचांकडे गेला. काका, तुमचा पेला विसळून आणतो म्हणाला. घरी स्वतःचं ताट न उचलणारा हा! पेल्याच्या बुडाला एका बाजूला पोचा होता. गोलावर ठेवला, तर चेपलेल्या जागी पोचा नेमका बसला.

पंच डोकं खाजवत म्हणाले, चटका बसत होता म्हणून राजे बाजूला करून पेला टेकवला, मग राजे परत ठेवले. कुठल्या घरांत, ते कोण बघतं?

तेवढ्यात लंबूच्या घरी पळालेली ढापणी त्याला घेऊन आली. तो खाली बघून म्हणाला, “हरलो मीच. लाज वाटली म्हणून न सांगता गेलो.”

पंचांनी फळा पुसला आणि ‘काळे विजयी’ असं लिहिलं. पोरांनी माझे डोळे उघडले म्हणाले, शाबास.

बॅग घेऊन आलेल्या मामीने सगळं ऐकलं होतं. “भाऊजी, डोळे तुम्हालाही दिलेत देवाने, वापरत जा जरा.” मग टिकलीच्या पाठीवर थाप मारली. “गुणाची गं माझी. चल, बस सुटेल. आणि तिथे निकाल लिहून होईपर्यंत पटापासून हलायचं नाही.”