गजराचा कौल

सप्ताहाच्या मंडपात बायका महाप्रसादाची वांगी चिरत बसल्या होत्या आणि देवळाच्या खांबावरच्या कौलचकतीला कुणीतरी गंध लावून झेंडूचा हार घातला होता. चकती पुरीएवढी, करड्या रंगाची. बाजारात, ग्रामसभेत, देवळात, सगळीकडे एकेक बसवलेली. सुरुवातीला लोक तिच्यापुढे दबकून बोलत. आता तिच्या खिळ्याला पिशव्या अडकवत.

"काढा तो हार," वत्सलामाई गिरमे म्हणाल्या. संध्याकाळचं कीर्तन त्यांचं होतं. "देव आत आहे."

"राहू द्या माई. आता बढती तीच देते," मृदंगाला कणीक लावता लावता बाबूराव लोणकर म्हणाले. बाबूराव निवृत्त तलाठी; सरकारी कामाची खडान्‌खडा माहिती त्यांना होती. "आमच्या वेळी अधिकारी आमदाराला फोन करायला लावायचे. नोकरीसाठी बाहेरचं वजन आणू नये हा नियम तेव्हाही होता, पण विचारतो कोण? शेवटी सरकारनं बदल्या-बढत्या मंत्र्यांकडून काढून कौलयंत्राकडं दिल्या. ही चकती त्या यंत्राचा कान. बोलणं साठवत नाही. अधिकाऱ्याचं नाव कानावर पडलं, की पुढच्या दोन-चार श्वासांत गर्दीचा आवाज किती उचंबळला तेवढं मोजते. एक माणूस विकत घेता येईल, हजार माणसांचा जिव्हाळा कसा घेणार?"

"बरोबरच आहे की."

"आता तुम्हीच सांगा, हजार माणसं एका दमात, मनापासून कधी ओरडतात?"

माईंच्या हातातल्या चिपळ्या थांबल्या.

"विठ्ठलाच्या गजराला," बाबूराव म्हणाले. "तहसीलदार वाघचौरेंनी यंदा सगळ्या सप्ताहांना तूप-साखर दिलीय. बदल्यात एवढंच, की गजराच्या अगदी आधी त्यांचं नाव यायला हवं. लोक हाक मारतात देवाला, चकतीला वाटतं साहेबाला मारली."

"आणि हवंय काय त्याला?"

"जिल्ह्याच्या पाणीवाटपाची खुर्ची. धरणातून पाणी कधी सोडायचं, टँकर कुठं पाठवायचे, सगळं एका सहीवर. दुसरं नाव पलीकडच्या तालुक्याच्या तहसीलदार रेहाना पिंजारींचं. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्याकडं एक नळ कोरडा पडला नाही."

"आणि आमचा टँकर साहेबाच्या मेव्हण्याच्या द्राक्षबागेवरून यायचा," शेवंताबाईंनी वांगं खाडकन दोन केलं. "येईपर्यंत बुडाला गाळ."

"मग कौल पिंजारीबाईंनाच मिळणार ना?"

"नळाला पाणी आलं की माणूस भांडी घासायला लागतो, माई. अधिकाऱ्याचं नाव कोण घेतं?" बाबूराव म्हणाले.

तेवढ्यात वाघचौरे स्वतःच आले. चप्पल बाहेर, उपरणं गळ्यात, हात जोडलेले.

"रामकृष्णहरी माई. एक विनंती. नाव गजराच्या लगेच आधी घ्या. मध्ये दृष्टांत वगैरे नको."

"बाहेरचं वजन आणायला तुम्हाला बंदी आहे ना, साहेब?"

"मी कुठं मंत्र्याला फोन केलाय?" ते मोकळेपणानं हसले. "देवाच्या वशिल्याला नियमात बंदी नाही."

माई जन्मात कुणाला टाकून बोलल्या नव्हत्या. आता त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या. "त्या गजरात काय असतं ठाऊक आहे? कुणाचं पोर दवाखान्यात असतं, कुणाचा धनी गेलेला असतो. पोटातलं सगळं वर काढून माणूस त्याच्या पायावर घालतो. ते तुम्ही आपल्या खुर्चीखाली घेणार? लाज कशी वाटत नाही हो?"

"तुम्ही नाही घेतलंत तर बाकीचे घेतायतच," वाघचौरे शांतपणे म्हणाले आणि पुढच्या सतरंजीवर जाऊन बसले.

कीर्तन रंगलं. माईंचा गळा त्या दिवशी असा लागला होता, की टाळकऱ्यांचेही डोळे भरून आले. गजराची वेळ आली, मृदंग चढला. माईंनी कुणाचंच नाव घेतलं नाही. पण पुढच्या रांगेतून सप्ताहाच्या कमिटीचा एकजण ताडकन उठला आणि ओरडला, "अन्नदाते सुदर्शन वाघचौरेसाहेब!"

हजार तोंडं उघडली.

"थांबा!"

मृदंगावरचा बाबूरावांचा हात हवेतच राहिला. टाळ मिटले.

"मायबापहो," माई म्हणाल्या, "आत्ता तुम्ही विठ्ठलाला हाक मारली असती, तर ती या खांबानं या साहेबाच्या नावावर घातली असती. तुमच्या रडण्यावर यांना बढती हवीय. ज्यांनी तुमचं पाणी बागेला पाजलं, त्यांना आता तुमचा देवही पुरेना! इथं मी गजर करणार नाही. ज्याला विठ्ठल हवा त्यानं माझ्यामागं बाहेर यावं."

त्या अनवाणीच निघाल्या. मागून विणेकरी, मग टाळकरी, मग पोरं कडेवर घेतलेल्या बाया. वाघचौरे "अहो, बसा, बसा" करत राहिले. चकतीचा कान पोचणार नाही इतक्या दूर, कापणी झालेल्या रानात सगळे उभे राहिले आणि तिथं गजर झाला. देवाचं नाव घ्यायला देऊळ सोडावं लागलं, या संतापानंच तो इतका चढला की माईंना आपलाच आवाज ऐकू येईना.

शांत झाल्यावर शेवंताबाई जवळ आल्या. पदरानं तोंड पुसलं.

"माई, देव सोडवलात तुम्ही. आमचं काय? बाकीच्या गावांतले गजर त्याच्याच नावावर पडलेत. खुर्ची त्यालाच मिळणार."

माईंनी तळपायात रुतलेलं धसकट उपसून काढलं.

"चला, परत आत जाऊ. तुम्ही एकदा पिंजारीबाईंचं नाव घ्या, मग बघा आम्ही कसा गजर करतो ते. आणि खोटं नाही, अगदी मनापासून."

"अगं, मग तोही वशिलाच झाला ना? आत्ताच मी काय बोलून आले?"

"असेल वशिला." शेवंताबाईंनी मंडपाकडे पाहिलं. आत नुसते दिवे जळत होते. "पण मग जी बाई गपचूप काम करते, तिचं नाव घ्यायचं तरी कुणी, माई? आणि कुठं?"