केळीच्या पानातली शिदोरी

तो माझ्यासमोर सायकलवरून अगदी हळूच पडला… माझी लेक मंजुळा पेंगून मांडीवर कलंडते ना, तसा.

शाळेच्या पारावर मी तिला भरवत बसले होते. घोटावड्याचा रस्ता रविवारचा मोकळा. वाटलं, प्यालेला असेल. जवळ गेले तर ओठ पांढरेफटक, हात थरथरताहेत.

"सकाळपासून काय खाल्लंत?"

"च्या."

"आणि?"

"आनि… अजून येक च्या."

मुळशीच्या धरणापर्यंत जाऊन तो परत माणला आपल्या घरी निघाला होता. मी मंजुळाच्या वाटणीची दशमी आणि गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला. जरा वेळानं चेहऱ्यावर रंग आला, तशी तो हसला.

"पोरीचं खानं मला दिलंत बाई. आता ती रागावनार."

मंजुळा रागावलीच होती.

त्याचं नाव वाल्मीक. पुण्यात सायकलच्या दुकानात कामाला. पाडव्याला एकटाच सायकलनं दिल्लीला निघणार होता, म्हणून दर रविवारी हा सराव.

"दिल्लीला? चहावर?" मी म्हणाले, आणि लगेच आजूबाजूला पाहिलं — कुणी ऐकलं तर नाही ना! हे गेल्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून मी गावाची शाळेतली बाई आणि हैबतरावांची सून, एवढीच होते. थट्टा करायची सवयच मोडली होती.

पुढच्या रविवारपासून मी त्याला शिदोरी देऊ लागले. मंजुळा सातव्या महिन्यातच जन्मलेली, अंगानं किडकिडीत. तीन वर्षांची झाली तरी तिचा प्रत्येक घास मी डोळ्यांत तेल घालून मोजायची. तिला वाढवताना जे शिकले, तेच त्याला शिकवलं — थोडं थोडं खायचं, आणि भूक लागायच्या आधी. दशम्यांचं पीठ दुधात भिजवायचं, म्हणजे त्या दोन दिवस टिकतात. दाण्याचे लाडू लिंबाएवढे, सायकल न थांबवता तोंडात टाकता येतील असे. बाटलीत लिंबू, गूळ, मीठ घातलेलं पाणी.

"पहिला लाडू पौडला. दुसरा चढ लागायच्या आधी."

"आन् चढावर तुमची आठवन आली तर?"

"तर पाणी प्या."

डबा माझ्या माहेरचा, पितळेचा. कुणाचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत त्यालाही ठाऊक होती. कधी त्यात बोरं यायची, कधी आवळे. एकदा मंजुळासाठी चाकातले चकचकीत छर्रे आणले. गिळेल म्हणून मी ते तिच्या हाती लागू दिले नाहीत… माझ्या रिकाम्या कुंकवाच्या करंड्यात ठेवले. एकदा तर नुसतं चाफ्याचं फूल.

"घाईत दुसरं काय गावलंच न्हाई," तो सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाला.

होळी झाली. त्या रविवारी तो सायकलवरून उतरला, पण डबा पुढे करेना.

"दिल्लीत काम मिळतंय बाई. तितंच ऱ्हा म्हनत्यात. पन तुमचा डबा संगं असंल, तर तो द्यायला परत यावंच लागंल. तवा हैबतरावांच्या म्होरं बसून तुमाला मागीन. मंजुळासकट." त्याचे कान लाल झाले होते. आता कुठे त्यानं डबा माझ्या हातात दिला. "पाडव्याला डबा द्यायचा का न्हाई… तुमी ठरवा."

मी मामंजींना विचारलं. कसं विचारलं, माझं मला ठाऊक. ते वाईट माणूस नव्हते. मंजुळा त्यांच्याच ताटात जेवत होती. तिच्यासाठी भाकरी कुस्करत ते म्हणाले,

"तू तरनी हायेस. जा, मी आडवा येनार न्हाई. पन पोरगी हितंच ऱ्हाईल. माज्या लेकाचं तेवढंच उरलंय."

"मामंजी, तिला माझ्याशिवाय घास जात नाही."

"शिकंल."

पाडव्याच्या सकाळी डबा चिंचेनं लख्ख घासला. दशम्या रचल्या, लाडू रचले, झाकण लावलं. लावलं हो मी झाकण! तेवढ्यात मंजुळा उठून आली आणि माझ्या पाठीला चिकटली. तिच्या फासळ्या लागल्या पाठीला…

मी डबा उघडला. केळीचं पान विस्तवावर शेकून मऊ केलं, सगळं त्यात बांधलं, वर सुतळी आवळली.

पारापाशी त्यानं पुडकं हातात घेतलं.

"डबा?"

"जड होतो. चढावर."

"मी कदी म्हनलो, जड हुतो?"

"खाऊन झालं की पान टाकून द्या, वाल्मीक. परत आणायचं काही नाही."

त्याचं नाव मी पहिल्यांदाच घेतलं. त्यानं कडेवरच्या मंजुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे… सगळं समजल्यासारखी मान हलवली.

"पयला लाडू कुटं खाऊ?"

"खिंड उतरल्यावर."

"एवढ्या लवकर?"

"तिथून पुढचं मला इथून दिसत नाही."

तो गेला. खिंडीच्या वळणावर त्यानं एकदा घंटी वाजवली.

"आई, डबा कदी आननार त्यो?" मंजुळानं विचारलं.

"डबा घरीच आहे," मी म्हणाले, आणि तिला भूक लागायच्या आधीच घरी नेऊन भरवलं.