गळ्यावरच्या हाताची वाटणी

नेमिनाथ हेरवाडेनं बायकोचा गळा धरला तेव्हा तो हात त्याचा नव्हता, असं पुढं सगळेच म्हणाले. सुनेत्राला मात्र त्या क्षणी तो हात चांगलाच ओळखीचा वाटला. बोटातली अंगठी तीच, तळव्याला साबणाचा वासही तोच. परकी होती ती फक्त ताकद. लोणच्याच्या बरणीचं झाकण ज्याला कधी उघडता आलं नाही, त्या माणसानं तिला एका हातानं उचलून स्वयंपाकघराच्या भिंतीवर आदळलं. मग गुडघे वाकवून, मान खाली घालून तो आखाड्यातल्यासारखा उभा राहिला आणि दुसऱ्या हातानं त्यानं तिची मान मागून आवळली. जन्मात कधी तालमीची पायरी चढला नव्हता तो.

"साडू, शब्द मागं घे," तो म्हणाला.

सुनेत्राच्या डोळ्यांपुढं काळोख यायला लागला. ती कवळ्या बनवायची. यंत्रं कवळ्या छापायला लागून जमाना झाला होता, तरी मिरजेतले म्हातारे हट्टानं तिच्याच हातची मागायचे. कवळी शिजवायचा जड पितळी डबा शेगडीवर उकळत्या पाण्यात होता. तिनं चाचपडत तो उचलला. बोटं भाजली, पण सोडला नाही. होती नव्हती ती ताकद लावून तिनं तो नवऱ्याच्या तोंडावर हाणला. पुढचे दोन दात तुटले, ओठ फाटला, तो धाडकन खाली पडला.

डोळे उघडले तेव्हा तो पुन्हा नेमिनाथ होता. त्यानं बायकोच्या गळ्यावरचे वळ पाहिले, स्वतःचे हात पाहिले, आणि कपाळ फरशीवर आपटायला लागला. रक्त आलं तरी थांबेना. शेवटी सुनेत्रानंच त्याचं डोकं मांडीवर घेऊन घट्ट धरलं.

"मी तुला मारणार होतो, सुनी," तो फुटक्या तोंडानं म्हणाला. "हे मी मरेपर्यंत विसरायचो नाही."

आणि तो असा रडला, की सुनेत्राला वाटलं, या एका वाक्यावर आपण याला कधीतरी माफ करू शकू. आज नाही, पण कधीतरी.

नेमिनाथ मनोपचारक होता, आणि त्या काळात मनोपचारक म्हणजे नुसतं ऐकून घेणारा माणूस राहिला नव्हता. आठवणीला दोन अंगं असतात. एक घडलेली गोष्ट आणि दुसरा त्या गोष्टीचा भार, म्हणजे तिच्यातला राग, भीती, शरम. आठवण वर काढली की थोडा वेळ ती मऊ पडते आणि मेंदूला ती नव्यानं साठवावी लागते. ती मऊ असतानाच रोगी आणि उपचारक यांचे मेंदू दोन टोपांनी जोडले, तर भार एकाकडून दुसऱ्याकडं ओढून घेता येतो. शास्त्रज्ञांनी याला 'भार-स्थलांतर' असं भारदस्त नाव दिलं होतं. लोक आपले उतारा म्हणायचे.

रोगी मोकळा होई. केलेला खूनसुद्धा त्याला पेपरात वाचलेल्या बातमीइतपतच आठवे. पण भार नष्ट होत नाही, तो फक्त घर बदलतो. शिवाय चित्राशिवाय तो टिकत नाही, म्हणून त्या प्रसंगाचा तुकडाही बरोबर येतो. अशा चार-पाच माणसांचे भार साठले, की उपचारकाचं काही खरं नसे.

त्यासाठीच मंडळ होतं. कृष्णाकाठ मनोपचारक मंडळाचे सभासद दर महिन्याला एका सभागृहात जमत, सगळे टोप एकत्र जोडत आणि साठलेला भार सगळ्यांत सारखा वाटून घेत. या रिवाजाला वाटणी म्हणत. खुनाचा राग तीनशे डोक्यांत वाटला, की प्रत्येकाच्या वाट्याला येतो तो लिफ्ट उशिरा आल्यावरचा वैताग. गेल्या कित्येक वर्षांत मंडळाच्या एकाही सभासदानं कुणावर हात उगारला नव्हता.

नेमिनाथ सभासद नव्हता. "मंडळ म्हणजे काय, तर शाल, श्रीफळ आणि गार पडलेले वडे," तो टिंगल करायचा. "माझ्या डोक्यात तीनशे जण चपला घालून फिरणार? आपल्याला नाही चालायचं." दर आठवड्याला तो स्वतःच स्वतःला तपासायचा आणि स्वतःच स्वतःला ठणठणीत ठरवायचा. लाख हुशार माणूस, पण ही चूक त्याच्यासारख्या हुशारालाच सुचते. तपासणारं डोकंही तेच आहे, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या अध्यक्षा डॉ. रुकय्या मुजावर दवाखान्यात आल्या. नेमिनाथला त्याच्याच सांगण्यावरून खाटेला बांधलं होतं. भाराची मोजणी करून त्या बाहेर बाकावर सुनेत्राशेजारी टेकल्या.

"अकरा जणांचा भार आहे, ताई. सगळ्यात वरचा एका पैलवानाचा. साडूचा गळा दाबलेला त्यानं."

"तो पैलवान कुठं असतो आता?"

"गावी. बाग केलीय पेरूची. नातवंडं खेळवतो."

"म्हणजे तो पेरू खाणार आणि गळा माझा दाबला जाणार?" सुनेत्राचा आवाज अजून घोगरा होता.

तेवढ्यात आतून किंकाळी आली. नेमिनाथनं एक पट्टा तोडला होता, पाणी पाजायला वाकलेल्या वॉर्डातल्या मामांचा हात पिरगाळून धरला होता, आणि सुनेत्रा दारात पोचली तेव्हा हाड मोडल्याचा आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. चौघांनी मिळून त्याला दाबला. त्यातल्या एकाच्या दंडाचा त्यानं लचका तोडला. सुई टोचल्यावर कुठं तो निवला, आणि निवल्याबरोबर पुन्हा हुंदके द्यायला लागला.

"उद्याच वाटणी घेऊ," मॅडम म्हणाल्या. "त्यांना सभासद करून घेतो. पण ज्याच्यावर हात पडला त्याची संमती लागते, असा आमचा नियम आहे. कालचा प्रसंगही वाटला जाणार. तुमचा तो चेहरा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात जाणार."

"आणि यांच्या डोक्यात काय उरणार?"

"एक वाटा. बाकीच्यांइतकाच."

"काल हे रडले, मॅडम. कपाळ फोडून घेतलं. ते तरी राहील ना यांच्याकडं?"

मुजावर बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. "पश्चात्तापही भारच असतो, ताई. राग काढायचा आणि तो ठेवायचा, असं करता येत नाही. आम्ही पुष्कळ प्रयत्न केले."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आज ना उद्या ते तुम्हाला मारतील. नाहीतर स्वतःला."

सुनेत्राला खूप राग आला. पैलवानाचा, मंडळाचा, आणि सगळ्यात जास्त नेमिनाथचा. त्यानं वेळेवर तीनशे जणांत बसून गार वडे खाल्ले असते, तर ही पाळी आली नसती. पण आत खाटेवर तोच माणूस होता, तिचाच. ती हो म्हणाली.

वाटणी सुरू झाली तेव्हा ती सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभी होती. टोप घातलेली तीनशे माणसं शांत बसली होती. त्यांत म्हातारे होते, कालपरवा पास झालेल्या मुली होत्या, चष्मे पुसणारे प्राध्यापक होते. मध्यभागी नेमिनाथ होता. मशीनचा आवाज चढला. आणि एकदम तीनशे उजवे हात वर उठले. बोटं वाकली, हवेतच आवळली गेली. मग तीनशे डावे हात उठून समोर नसलेल्या कुणाच्यातरी मानेमागं गेले. तीनशे तोंडांतून एकच शब्द घरघरत बाहेर आला, "साडू." सुनेत्रानं दोन्ही हातांनी आपला गळा झाकून घेतला.

मग हात खाली आले. खुर्च्या सरकल्या, कुणीतरी चहा सांगितला.

ते एकेक करून तिच्याकडं आले. एका तरुण मुलीनं हात जोडले. "माफ करा, ताई. फार वाईट झालं आपल्या हातून." प्राध्यापक आले, तेही तेच म्हणाले. कुणाचंच खोटं नव्हतं. प्रत्येकाला तिचा गळा आपल्या बोटांखाली आठवत होता आणि प्रत्येकाला खरोखरच वाईट वाटत होतं, बसमध्ये कुणाच्या पायावर पाय पडल्यावर वाटतं तेवढं. रांग मोठी होती. रांगेत नेमिनाथही होता.

तिच्यासमोर आल्यावर त्यानंही हात जोडले. चेहरा निवांत होता, किती वर्षांत झाला नव्हता इतका.

"माफ कर, सुनेत्रा," तो म्हणाला. "फार वाईट झालं आपल्या हातून."

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. फरशीवर कपाळ फोडणाऱ्या माणसाला तिनं तिथं खूप शोधलं. तो नव्हता. त्याचा वाटा होता, मागच्या रांगेतल्या कुठल्याही परक्याकडं होता तेवढाच.

"आपल्या हातून?" ती म्हणाली. "अहो, तुमच्या हातून. तुम्ही धरला होता माझा गळा. तुम्ही!"

"हो, आठवतंय ना मला," तो समजुतीनं म्हणाला, आणि चहाचा ट्रे कुठवर आला ते त्यानं वळून पाहिलं.

सुनेत्रानं त्याच्या मुस्कटात मारली. टाके पडलेला ओठ पुन्हा उकलला आणि हनुवटीवरून रक्त ओघळलं. नेमिनाथनं रुमाल ओठाला लावला. तो रागावला नाही. रागावण्याइतकं त्याच्याकडं काही उरलंच नव्हतं.

मुजावर मॅडम जवळ आल्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "ताई, मशीन अजून चालू आहे. आम्ही सगळे आहोत इथं. पाच मिनिटं बसा, तुमचंही वाटून घेतो. हलकं वाटेल."

तीनशे चेहरे तिच्याकडं पाहत होते, आणि सगळ्यांवर तीच समजूत होती.

"नको," सुनेत्रा म्हणाली. "एवढं एक तरी कुणाकडं अख्खं राहू दे."

तिनं नवऱ्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन घराकडं निघाली. तो मुकाट्यानं चालत होता. तिच्या हाताला अजून झिणझिण्या येत होत्या, आणि तिला त्याला पुन्हा मारावंसं वाटत होतं.