लाभ सोडून

दातिवऱ्यात मासळीच्या टोपल्या मोजताना आम्ही पहिल्या टोपलीला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन. बोईसरला वेबसाइट बनवायच्या नोकरीत लागलो तेव्हा मला कळलं, की प्रोग्राममधल्या यादीतही पहिल्या नावाची जागा एक नसते, शून्य असते. हे सांगितल्यावर बाबा खो खो हसले. "मंग तुजा कंप्युटर आपल्यातलाच हाय!"

सगळ्या होड्या परतल्या का हे गावाला कळावं म्हणून, बाबांसाठीच मी एक वेबपान बनवलं. सात होड्यांचे सात तांडेल, म्हणजे होडी चालवणारे, यादीत ओळीने. प्रोग्राम एकेक नाव घ्यायचा. त्या माणसाने किनाऱ्याला लागून फोनवर 'आलो' दाबलं, की पुढच्या नावावर जायचा. शेवटचा आला की हिरव्या अक्षरांत 'सगळे आले'. पहिलं नाव बाबांचं, शांताराम.

आणि मी गाढवाने मोजणी शून्याऐवजी एकपासून सुरू केली.

एका दुपारी वारा सुटला. सहा होड्या आल्या, पानावर 'सगळे आले' झळकलं, लोक निवांत घरी गेले. शोधायला कोणी गेलंच नाही. बाबांचं प्रेत तिसऱ्या दिवशी सापडलं. त्यांचा फोन सापडला नाही. मी चूक गुपचूप दुरुस्त केली, बाबांचं नाव काढलं आणि तोंड शिवून बसलो. आईसमोर जायचीसुद्धा भीती वाटायला लागली.

होड्या पुन्हा समुद्रात गेल्या त्या दिवशी पंढरीकाकांचा फोन आला. "शैलेश, आमी साही जन आलो, पन पान पुडं जात नाय रं. कोनाची वाट बगतंय?"

पानावर पहिल्या ओळीत नावच नव्हतं. कोरी जागा, आणि शेजारी 'वाट पाहत आहे'. यादी तपासली तर सहा नावं. ऑफिसातल्या रूपलला दाखवली.

"सहाच तर आहेत," ती म्हणाली. "झोप काढ जरा."

सगळं पुसून नव्याने लिहिलं. पहिली जागा कोरीच राहिली.

रविवारी गावी गेलो. आई ओट्यावर जवळा निवडत होती. शेजारी तिच्या फोनवर तेच पान उघडं होतं. मला राहवेना.

"आई, चूक माझी होती. मी बाबांचं नाव घेतलंच नाही. एकपासून मोजलं."

तिचा हात थांबला.

"लाभ सोडून मोजलंस?"

मी मान खाली घातली.

तिने फोन उचलला. उखाण्यापलीकडे आईने कधी बाबांचं नाव घेतलं नव्हतं. त्या कोऱ्या जागेकडे बघून ती हळूच म्हणाली, "शांताराम."

कोणीच काही दाबलं नव्हतं.

ओळ हिरवी झाली. 'आलो.' पुढे वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

मी घड्याळात बघितलं. चार दहाच झाले होते.

आई पदर सावरून उठली. "दमून आलं असंल मानूस," म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

घरात आम्ही दोघंच होतो. आतून कप मांडल्याचा आवाज आला. ती मोजत होती.

"लाभ, दोन, तीन."