बोथट टोकाकडून

पंधरा जूनच्या दुपारी बेव्हर्ली वडिलांच्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून गळ बांधत होती. मासे धरण्यावरची तीन महिन्यांची बंदी त्या रात्री उठणार होती, आणि इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या त्या सपाट मुलखातले निम्मे म्हातारे आपापल्या गॅरेजमध्ये हेच करत होते. तिच्या वडिलांनी, सिरिलने, मोरपिसाच्या दांड्यांपासून घरीच केलेले, दोऱ्याला बांधून पाण्यावर उभे तरंगणारे फ्लोट ओळीने मांडले होते. टोकांचा नारिंगी रंग अजून ओला होता. फ्रिजमध्ये चीजशेजारी आमिषाच्या अळ्यांचा डबा होता. आई गेल्यापासून त्यावरून कुणी ओरडत नसे.

बेव्हर्लीने बांधलेला गळ पुढे केला. सिरिलने गाठ चष्म्याजवळ नेऊन पाहिली.

"झकास," तो म्हणाला. मग कात्रीने ती कापली आणि तोच गळ पुन्हा बांधला.

ती शेहेचाळीस वर्षांची होती.

"उद्या येतेस? पहाटे पाचला?"

"लायब्ररीत ड्यूटी आहे, डॅड."

"बरं."

लायब्ररी दहाला उघडत असे. दोघांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता सिरिल कालव्यावरच्या अकरा नंबरच्या जागेवर सापडला. सामानाच्या पेटीवर ताठ बसलेला, गार पडलेला, काठी मांडीवर. फ्लोट अजून पाण्यात उभा होता.

महिन्याभराने मासेमारी क्लबचा सेक्रेटरी नॉर्मन डॉब्ज तिच्या दारात आला. चहा नको म्हणाला, मग दोन कप प्यायला.

"अकरा नंबर बंद करतोय आम्ही, बेव. उद्या पाटी उपटणार."

"का?"

"मासा लागत नाही तिथे."

"पस्तीस जागांपैकी वीसवर लागत नाही, नॉर्मन काका. तुम्हाला तर कुठेच लागत नाही."

तो हसला नाही. "मी बसलो होतो तिथे. माझी गाठ तुला माहीत आहे, तुझा बाप तिला मेंढीची शेपटी म्हणायचा. पाण्यातून वर आली ती नीट बांधलेली होती." त्याने कप बशीत ठेवला. "त्याच्या पद्धतीने. चार वेढे, टोक कापलेलं. तू जाऊ नकोस, पोरी."

ती त्याच दुपारी गेली.

वारा नव्हता. बीटच्या शेतांमधून कालवा पट्टीने आखल्यासारखा सरळ गेला होता. तिने गळाला शिसं अडकवून खोली मोजली. साडेसहा फूट, तिच्या लहानपणी होती तितकीच. आठव्या वर्षी ती इथेच शिकली होती. अळी बोथट टोकाकडून, नुसत्या कातडीत टोचायची, म्हणजे ती वळवळत राहते. बेव्हर्ली मधोमध टोचायची. सिरिल तिच्या हातातून गळ घ्यायचा, अळी बदलायचा, गळ परत द्यायचा. तिने धरलेला प्रत्येक मासा त्यामुळे थोडासा त्याचा असायचा.

आज तिने अळी मुद्दाम मधोमध टोचली आणि गळ टाकला.

पाच मिनिटांनी फ्लोट बुडाला नाही, वर आला. बोटभर. तळाशी टेकलेलं वजन कुणीतरी उचलल्यासारखा. ब्रीम मासाही असंच करतो, हे तिला माहीत होतं. तिने काठी झटकली. ओझं नव्हतं.

अळी बोथट टोकाकडून टोचलेली होती. वळवळत होती.

बेव्हर्लीने ती काढून टाकली. दुसरी घेतली आणि आरपार भोसकली. गळ टाकला.

फ्लोट वर आला. अळी बदललेली होती.

तिसऱ्यांदा तिने सिरिलच्या पद्धतीची गाठही कापली आणि स्वतःची बांधली. सैल, पाच वेढ्यांची, टोक लांब सोडून. रागाने ती आवळली. काठी तिथेच टाकून जाता आलं असतं. उद्या पाटी निघाली असती, आणि तिची गाठ कापणारा शेवटचा माणूस सिरिलच राहिला असता.

तिने गळ टाकला.

पाणी काळं आणि गुळगुळीत होतं.

फ्लोट वर येऊ लागला. नारिंगी टोक, पांढरा पट्टा, मग कधी पाण्याबाहेर न दिसणारा उघडा दांडा. आडवा पडायला हवा होता. तो उभाच राहिला.

दोरा किंचित थरथरला. दोन बोटांत धरून कुणी गाठ पाहत असावं, तसा.

मग खालून कात्रीचा आवाज आला. अगदी बारीक.

बेव्हर्लीने दोरा मुठीत धरला आणि दोन्ही टाचा काठाच्या चिखलात रोवल्या.

"कापू नकोस," ती मोठ्याने म्हणाली. "चुकली असेल तर चुकू दे. माझी आहे ती. त्या पहाटे मला काम नव्हतं, डॅड. तुझ्या शेजारी बसलं की माझे हात माझे राहत नाहीत, म्हणून आले नाही. सोड. मला येतं."