कोरी राहिलेली पट्टी

"आक्का, आज संध्याकाळी पाचला समिती बसणार आणि माझं चार वर्षांचं काम खोटं ठरवणार!"

मधुवंती खुर्चीत टेकतच नव्हती. बेळगावच्या एका खासगी प्रयोगशाळेत ती हाडं वाढवणाऱ्या प्रथिनावर काम करायची. अँटिबॉडी नेमकी त्या प्रथिनाला चिकटते आणि पट्टीवर काळी रेघ उमटते. दसऱ्यापर्यंत उमटत होती. दसऱ्यानंतर पट्टी कोरीच.

"माझ्यासोबत काम करणाऱ्या ऋग्वेदनं माझी अँटिबॉडीची कुपी बदलली. त्याला माझी जागा हवीय."

आक्का, म्हणजे गुप्तहेर सुनंदा कणबरकर, लगेच निघाल्या. सोबत भरमा, निवृत्त हवालदार. याचा संशय चटकन, विचार मात्र सावकाश!

ऋग्वेद चिडलेलाच होता. "दसऱ्याला मी लोंढ्याला घरी होतो. एकाच खोक्यातल्या दोन कुप्या आम्ही वाटून घेतल्या. माझी खालच्या मजल्यावर आहे. घ्या, वापरून बघा!"

"लई गोड बोलतोय. ह्योच," भरमा कुजबुजला.

प्रयोगशाळेचा शिपाई, बेळगुंदीचा रवळूमामा, घाबरून उभा होता. "मी कशाला हात लावीन, बाई? खंडेनवमीला तेवढं धुतलं, पुजलं."

सुनंदाबाई बघत फिरल्या. सूक्ष्मदर्शक, तराजू, फ्रीज, सगळ्यांवर कुंकवाची बोटं. डीप फ्रीजरवर एकही नाही. कुपीवर इंग्रजीत छापलं होतं: चार अंशांवर ठेवा, गोठवू नका.

मधुवंतीनं जुन्याच नमुन्यावर ऋग्वेदची कुपी वापरली. चारच्या सुमारास रेघ उमटली.

"म्हणजे नमुना खरा, कुपी बिघडलेली," सुनंदाबाई म्हणाल्या.

"बदलली की हो!" भरमा म्हणाला.

"गप रे. चोर आपली चांगली कुपी पुढं करील? इथं यंत्र बंद करून, धुऊन पुजलं जातं. फ्रीज पुजला, तेव्हा त्यातलं सामान कुठं होतं? जे चालूच ठेवावं लागलं, म्हणून पुजलं नाही, त्यात. डीप फ्रीजरमध्ये कुपी गोठली आणि वाया गेली."

रवळूमामानं हात जोडले. "व्हय. गार ऱ्हावं म्हणून जास्त गारात ठिवलं. दुसऱ्या दिशी परत लावलं. मला इंग्रजी कुठं येतंय?"

"फ्रीज पुजायला कुणी सांगितलं?"

मधुवंतीचा चेहरा उतरला. "मी. झेंडू आणून दिले, 'सगळं गार ठेवा' म्हणाले आणि घरी गेले."

"मामांचं नाव निघालं तर त्यांची नोकरी जाईल," ऋग्वेद म्हणाला.

समितीच्या दारात मधुवंती ऋग्वेदकडे वळली. "तुला चोर ठरवलं रे. माफ कर."

आत ती बसलीच नाही. "ही रेघ बघा, काम खरं आहे. कुपी माझ्या हलगर्जीपणानं वाया गेली. दुसऱ्या कुणाचा दोष नाही. तसं लिहून घ्या."