विमलचं माप

मी लातूरच्या गंज बाजारातली केवळाबाई कासारीण. शाळा चार दिवस पाहिली, पण हात वाचते. तोंड विसरंन, मनगट विसरणार न्हाई.

निजामाची शेवटची वर्षं. माधवराव वकिलांच्या विमलचा लग्नाचा चुडा भरायचा होता. सकाळी टोपली उचलली तोच लेकीच्या सासरहून, औशाहून, माणूस सांगावा घेऊन आला. माझी लेक सिंधू गेली. पहिलटकरीण, सातव्यातच अडली. माती रात्रीच उरकली होती.

"कुणापाशी बोलू नको," मी त्याला म्हणलं. सुतकातली कासारीण लग्नघरी चालत नाही. अन् वकिलाचं घर सुटलं की गंजातली सगळी घरं सुटतात.

तोंड धुतलं, पान खाल्लं, हसत गेले.

विमलचा हात लोण्यासारखा, माप अडीचाचं. "असा खणखणाट कर, की सासूच उठून पाणी भरंल!" मी म्हणलं. बायका खिदळल्या.

तेवढ्यात विमल रडू लागली.

"माहेर सुटतंय, रडू येणारच की."

मग तिची आत्या रडली. मग शेजारीण. ज्यांचे ज्यांचे हात मी धरले, त्या सगळ्या. का, ते एकीलाही सांगता येईना. पाच वर्षांची पोर, तीसुद्धा हुंदके देत राहिली. माझे डोळे मात्र कोरडेठाक.

विमलनं माझं बोट सोडलं नाही. हळूच म्हणाली, "मावशी, सिंधू कोण?"

"कुणी न्हाई गं," मी हसले.

पुढच्या साली विमल डोहाळजेवणाला माहेरी आली. सातवा लागला होता. हिरव्या बांगड्या भरायला मलाच बोलावणं.

सातव्यात बाईचे हात सुजतात. साबण लावल्याबिगर बांगडी उतरत नाही. मी नुसता हात धरला, तर लग्नाचा चुडा घरंगळून माझ्या मांडीत पडला.

अडीचाचा नवा जोडही सैल.

टोपलीच्या तळाशी सव्वादोनाचा एकच जोड होता. सिंधूच्या डोहाळजेवणासाठी ठेवलेला. कुणाला दाखवला नव्हता.

बरोबर बसला.

मी मनगट दाबून पाहिलं. ते हाड माझ्या ओळखीचं होतं.

"आई, शोभतात का गं?" विमलनं विचारलं.

तिची आई मागं उभी होती. विमल बघत होती माझ्याकडं.

साऱ्या बायका थांबल्या होत्या.

"शोभतात की," मी म्हणलं. आणि हसले.